ऑफिसातल्या वेलनेस प्रोग्रॅमचा खरंच काही उपयोग होतो का?

हिंजवडीकर:
आमच्याकडे दर बुधवारी पाचला योगा सेशन असतं आणि साडेपाचला क्लायंट कॉल. परवा मॅट गुंडाळायलाही वेळ मिळाला नाही, तशीच खुर्चीखाली सरकवली, कॉल सुटला सव्वानऊला आणि डबा न उघडता घरी परत. मग त्या ॲपवर रोजची दहा हजार पावलं भरून काय होणारे? तोच पैसा टीममधे दोन माणसं वाढवायला वापरा ना.

चाकण_बी_शिफ्ट:
अजिबात नाही पटलं. मी शॉप फ्लोअरवर आहे. गेल्या वर्षी कंपनीच्या कॅम्पात बोटाला सुई टोचली तर शुगर 286. चक्कर नाही, थकवा नाही, काहीच नाही! सिस्टरनी दुसऱ्या बोटाला टोचून परत बघितलं तेव्हा कुठे विश्वास बसला. खाडा करून, पदरचे पैसे घालून लॅबमधे कोण जातं हो?

मोजपट्टी:
अनुभव दोन्हीकडचे खरेच असतील, पण मोठ्या प्रमाणावर मोजलं तर? अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने 2016 मधे जवळपास 5,000 कर्मचाऱ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले आणि एकालाच प्रोग्रॅम दिला. दवाखान्याचा खर्च, रजा, कशातच म्हणावा असा फरक नाही. उलट भाग घेणारे मुळातच जास्त धडधाकट निघाले, म्हणजे ज्यांना गरज ते आलेच नाहीत.

चाकण_बी_शिफ्ट:
त्याच अभ्यासात तपासणी करून घेणारे वाढले होते, ते का सोडलं? मी तेच म्हणतोय, योगा राहू दे, तपासणी बंद करू नका.

मुलुंडची:
तपासणी करा पण रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात द्या. आमच्याकडे सगळ्यांच्या रिपोर्टची एक्सेल शीट टीम लीडला मेल झाली, कोणाचं बीपी किती ते चहाच्या टपरीवर कळलं. पुढच्या कॅम्पला अर्धी माणसं आलीच नाहीत, मीपण नाही गेले.

हिंजवडीकर:
तपासणीचं मान्य, तेवढे शब्द मागे घेतो. पण दादा, शुगर सापडल्यावर पुढे काय केलं कंपनीने?

चाकण_बी_शिफ्ट:
डॉक्टर म्हणाले जेवणाच्या वेळा पाळा, आणि माझी शिफ्ट दर आठवड्याला फिरते, या आठवड्यात रात्री दीडला जेवतोय. कायम फर्स्ट शिफ्ट द्या म्हणून अर्ज टाकलाय, कॅम्पचाच रिपोर्ट जोडून. चार महिने झाले.