बिशप की अध्यक्ष?

वेदनायगम सॅम्युएल अझरिया यांच्याविषयी लिहिताना ‘बिशप’ला, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रांताच्या प्रमुखाला, ‘अध्यक्ष’ म्हणावे का, असा प्रश्न मला पडला. तमिळ घरात जन्मलेले अझरिया हे अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील, पहिले भारतीय बिशप होत. २९ डिसेंबर १९१२ रोजी कोलकात्याच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये त्यांचा अभिषेक झाला.

व्युत्पत्तीकडे पाहिले तर ‘अध्यक्ष’ चपखल बसतो. ‘बिशप’ ज्यावरून आला तो ग्रीक ‘एपिस्कोपोस’ म्हणजे वरून लक्ष ठेवणारा, आणि ‘अधि’ व ‘अक्ष’ म्हणजे डोळा अशी फोड केली तर आपल्या शब्दातूनही तोच अर्थ निघतो. कौटिल्याचा सीताध्यक्ष शेतीवर देखरेख करी, नावध्यक्ष नौकांवर. मराठी बायबलमध्येही फिलिप्पैकरांस पत्राच्या पहिल्याच वचनात ‘अध्यक्ष व सेवक’ असे शब्द आहेत. विशेष म्हणजे, अझरियांनी बिशप म्हणून ज्या भाषेच्या लोकांत काम केले त्या तेलुगूच्या बायबलमध्येही त्या ठिकाणी ‘अध्यक्ष’च आहे.

अडचण आहे ती आजच्या रूढ अर्थाची. आता अध्यक्ष म्हटले की सभेचा, संस्थेचा किंवा संमेलनाचा अध्यक्ष डोळ्यांपुढे येतो. त्याची निवड होते, मुदत संपते आणि तो माजी अध्यक्ष होतो. बिशपपद असे नाही. आधीचे बिशप डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात तेव्हा ते मिळते, आणि निवृत्तीनंतरही माणूस बिशपच राहतो. म्हणून ‘नेमणूक’ हा शब्दही मला येथे अपुरा वाटतो, ‘अभिषेक’च हवा.

देखरेखीचा मूळ अर्थ मात्र अझरियांच्या आयुष्यात शब्दशः दिसतो. निजामाच्या राज्यातील डोर्नकल धर्मप्रांतात ते बैलगाडीने गावोगाव फिरत. तेथील ख्रिस्ती बहुसंख्येने माला व मादिगा या दलित जातींतील होते. बाप्तिस्मा घेतलेल्यांना ते स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवायला लावत आणि ‘मी सुवार्ता सांगितली नाही, तर माझी केवढी दुर्दशा होणार’ या अर्थाचे वचन त्यांच्याकडून वदवून घेत. बिशपाच्या अभिषेकातील खूण त्यांनी अशी शेतमजुरांच्या हाती दिली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

माझे मत असे की बायबलमधील वचनांच्या संदर्भात ‘अध्यक्ष’ राहू द्यावा. चरित्रात मात्र ‘बिशप’च लिहावा. मराठी ख्रिस्ती घरांत ‘बिशपसाहेब’ सहज म्हटले जाते, तेव्हा शब्द परका उरलेला नाही. त्यामुळे ‘१९१२ मध्ये ते डोर्नकलचे अध्यक्ष झाले’ हे वाक्य खोडून मी असे लिहिले: ‘१९१२ मध्ये त्यांचा डोर्नकलचे बिशप म्हणून अभिषेक झाला आणि १ जानेवारी १९४५ रोजी निधन होईपर्यंत ते त्या पदावर होते.’