आयएनआयचा ‘सेंटर ऑफ अटेन्शन’ : आवाजातला मळ मूळचा की नकलांचा?

कर्वेनगरचा श्रोता

नमस्कार मंडळी,

न्यूयॉर्कलगतच्या माउंट व्हर्ननमधल्या आयएनआय या रॅप गटाचा ‘सेंटर ऑफ अटेन्शन’ हा अल्बम १९९५च्या सुमारास तयार होऊनही इलेक्ट्रा कंपनीने तो बाजारात आणला नाही आणि पीट रॉकसारख्या नामवंत निर्मात्याचे हे काम पुढे कित्येक वर्षे कॅसेटवरून कॅसेटवर आणि चोरट्या तबकड्यांवरून फिरत राहिले, हे येथील जाणत्यांना ठाऊक असेलच. २००३ साली लंडनच्या बीबीई कंपनीने डेडा या रॅपरच्या तशाच पडून राहिलेल्या अल्बमसोबत तो ‘लॉस्ट अँड फाउंड’ या जोडसंचात अधिकृतपणे काढला.

माझ्यापाशी याच्या तीन प्रती आहेत : चुलतभावाने अमेरिकेतून येताना आणलेली एक चोरटी तबकडी, २००३ची सीडी आणि एका मित्राने पेनड्राइव्हवर दिलेल्या फ्लॅक (म्हणजे ध्वनीतले काही न गाळता साठवणाऱ्या) फाइली, ज्या मुळात कुठून आल्या हे त्यालाही सांगता येत नाही. तबकडी ऐकताना रॅपरने तोंडावर रुमाल धरला आहे असे वाटते, तरीही तिच्यावरच्या ड्रमला जो जडपणा आहे तो मला सीडीवर सापडत नाही. आमच्या कंपूत यावरून दोन तट पडले आहेत. एका तटाचे म्हणणे असे की पीट रॉकचा आवाज असाच मळकट असतो आणि तीच त्याची खुमारी आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की हा सगळा नकलेवर नक्कल केल्याचा परिणाम आहे आणि आपण उगाच त्याला कलात्मकतेचा मुलामा देतो आहोत. यातला कोणता मळ स्टुडिओतला आणि कोणता वाटेत चिकटलेला, हे घरच्या साधनांनी ठरवता येते का? आणि अल्बमविषयी मत बनवायचे ते कोणती प्रत ऐकून?

फीतबहाद्दर

ठरवता येते, आणि त्यासाठी महागडे काही लागत नाही. बीट आणि गळा हे दोन्ही वेगवेगळे ऐकायचे, इतकेच पथ्य पाळावे.

पीट रॉकचे त्या काळातले बरेचसे काम ई-म्यू कंपनीच्या एसपी-१२०० या सॅम्पलरवर, म्हणजे जुन्या ध्वनीचे तुकडे साठवून वाजवणाऱ्या यंत्रावर, झालेले आहे. १९८७ साली बाजारात आलेले हे यंत्र १२ बिटचे असून त्याचा नमुना घेण्याचा वेग २६.०४ किलोहर्ट्झ आहे, याचा अर्थ असा की साधारण १३ किलोहर्ट्झच्या वरचे खरे ध्वनी त्याच्या स्मृतीत शिरतच नाहीत. शिवाय स्मृती एकूण जेमतेम दहा सेकंदांची असल्यामुळे त्या वेळचे निर्माते ३३च्या वेगाची जुनी जॅझ तबकडी ४५वर फिरवून तिचा तुकडा घेत आणि मग यंत्रात तो तुकडा खाली उतरवून मूळ वेगावर आणीत. या उतरवण्यात तो आणखी खरबरीत होतो. याच्या आठ निर्गमांपैकी (आउटपुट) पहिले दोन बदलत्या फिल्टरचे, मधले चार ठरीव फिल्टरचे आणि शेवटचे दोन बिनफिल्टरचे आहेत, त्यामुळे बास फिल्टरमधून गोल होऊन येतो, तर बिनफिल्टरच्या निर्गमावर जोडलेल्या झांजेला वर एक प्रकारची धातूची किणकिण चढते. हा मळ निर्मात्याने जाणूनबुजून मागितलेला आहे.

रॅपरचा आवाज मात्र या यंत्रातून जात नाही. तो मायक्रोफोनमधून थेट स्टुडिओच्या रुंद फितीवर उतरतो आणि तेथे ‘स’, ‘श’, ‘च’ ही अक्षरे आणि दोन ओळींमधला श्वास स्वच्छ टिकतो. तेव्हा गटातला रॅपर रॉब-ओ याची एखादी ओळ घ्या आणि केवळ सकार ऐका. सकार टोकदार, श्वास मोकळा आणि ड्रम तेवढा मळका असेल, तर तो मळ स्टुडिओतला आहे. सकारही बोथट झाला असेल आणि श्वास टेपच्या सरसरीत बुडाला असेल, तर कॅसेटच्या पिढ्यांनी आपला हात फिरवला आहे असे खुशाल समजावे. ‘तोंडावर रुमाल’ हे आपलेच वर्णन तबकडीविषयीचा निकाल जवळजवळ देऊन टाकते.

दुसरी खूण खरखरीची आहे आणि मला ती विशेष आवडते. तेहतीसच्या वेगाची तबकडी १.८ सेकंदांत एक फेरा पूर्ण करते, म्हणून तबकडीवरच्या चऱ्याची टिक दर १.८ सेकंदांनी येते. उलट, पीट रॉकने ज्या जुन्या तबकडीवरून तुकडा उचलला तिच्यावरची टिक तुकड्याबरोबर फिरत राहते. गाणे मिनिटाला ९२ मात्रांचे असेल तर चार मात्रांचे आवर्तन सुमारे २.६ सेकंदांचे भरते आणि ती टिक प्रत्येक आवर्तनात त्याच जागी पडते. घड्याळ हातात घेऊन मोजले तरी फरक कळतो. पहिली टिक आपल्या तबकडीची, दुसरी त्या अल्बमची.

तिसरी खूण दोन गाण्यांमधल्या शांत जागेत सापडते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे आणि आपल्याकडे ५०ची. फाइल संगणकावर घेऊन त्या शांत जागेचा वर्णपट (स्पेक्ट्रम) पाहा. गुणगुण ६० ऐवजी ६१.५वर दिसली, तर ती ध्वनिफितीत उतरल्यानंतर कोणत्या तरी डेकने कॅसेट अडीच टक्के जलद चालवली आहे. अर्धा स्वर (सेमीटोन) म्हणजे सुमारे सहा टक्के, तेव्हा हा पाव स्वराच्या आसपासचा फरक झाला आणि तेवढ्याने रॅपरचा गळा कोवळा वाटू लागतो. गुणगुण नेमकी ५०वर असेल तर ती शक्यतो तुमच्याच घरातल्या अर्थिंगची कृपा आहे.

सदाशिवपेठी ७८

रॅप माझा प्रांत नव्हे. मी नाट्यसंगीताच्या जुन्या तबकड्या जमवणारा माणूस आहे आणि या चर्चेत माझा मुलगा मला ओढून घेऊन आला. परंतु फीतबहाद्दरांनी मांडलेला टिकेचा हिशोब आमच्याकडे रोजच्या वापरातला आहे. ७८च्या तबकडीचा फेरा सुमारे ०.७७ सेकंदाचा असतो आणि चऱ्याची टिक ओळखून काढताना आम्ही त्याच अंतराकडे पाहतो. वेगाच्या बाबतीत तर आमच्याकडे वादच वाद आहेत, कारण ‘७८’ म्हणून विकलेल्या सगळ्या तबकड्या प्रत्यक्षात ७८नेच कोरलेल्या नसत. बालगंधर्वांच्या साथीच्या ऑर्गनवरून वेग ताडायचा आणि गळा किती वर चढला आहे ते पाहायचे, या उद्योगात पुण्यातली कित्येक निवृत्त मंडळी आनंदाने गुंतलेली आहेत.

मला सांगायचे आहे ते सफाईविषयी. टिका पुसणारी आज्ञावली आवर्तनात फिरणारी टिक आणि चऱ्याची टिक यांतला भेद करीत नाही. तिला दोन्ही सारख्याच दिसतात आणि ती दोन्ही उचलते. आमच्या तबकड्यांवर सरसर काढताना तानपुऱ्याच्या वरच्या स्वरांची झिलई आणि गायकाचा श्वास सरसरीसोबत निघून जातात व उरतो तो पाण्याखालून आल्यासारखा गळा. तुमच्या या अल्बमातली फिरती टिक पहिल्या मात्रेवर पडत असेल, तर ती पुसल्याने ठेकाच लंगडा होईल. म्हणून कोणी ‘मी स्वच्छ करून देतो’ म्हणून फाइल हाती ठेवली, तर ती घेण्याआधी त्याच्याकडून मूळ, न पुसलेली फाइल मागून घ्यावी. माझ्या मते वाटेत चिकटलेली सरसर थोडी कमी करणे गैर नाही, कारण ती कोणी मागितलेली नव्हती. परंतु ती शून्यावर आणण्याचा हट्ट धरू नये.

नारायण पेठेतला एक

फ्लॅकविषयी थोडक्यात. डबा फ्लॅकचा असला म्हणजे आतला माल फ्लॅकचा असतोच असे नाही. १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीचा वर्णपट बहुधा १६ किलोहर्ट्झपाशी भिंत घातल्यासारखा संपतो आणि तिचे फ्लॅक केले तरी भिंत तिथेच राहते. स्पेक नावाची फुकट आज्ञावली मिळते, तीत फाइल टाका आणि चित्र पाहा. कॅसेटची सरसर नैसर्गिक असेल तर ती वर जाताना हळूहळू विरते, अशी कापल्यासारखी थांबत नाही.

कर्वेनगरचा श्रोता

सर्वांचे आभार. सुचवलेल्या तपासण्या शांतपणे करून पाहिल्या.

मित्राच्या फाइलींचा वर्णपट १६ किलोहर्ट्झवर कापल्यासारखा थांबतो, त्यामुळे ती प्रत विचारातून बाद. तबकडीवर सकार खरोखरच बोथट आहेत आणि श्वास जवळजवळ ऐकूच येत नाही, तिच्यावर १.८ सेकंदांची टिक आहे, पण तिच्याखाली आवर्तनात फिरणारी दुसरी टिकही स्पष्ट आहे, आणि नेमकी तीच टिक सीडीवर त्याच मात्रेवर ऐकू येते. सीडीवर सकार टोकदार आहेत. ड्रमच्या बाबतीत मात्र मी अजून तबकडीच्याच बाजूचा आहे.

वेगासाठी मी आणखी एक आधार शोधला. ‘फेकिन जॅक्स’ हे यातले गाणे इलेक्ट्राने त्या काळी सिंगल म्हणून काढले होते, म्हणजे या एका गाण्यापुरती का होईना, कंपनीच्या मास्टरवरून निघालेली त्याच काळातली अधिकृत तबकडी जगात आहे. कंपूतल्या एकाकडे ती निघाली. तिच्याशी ताडता सीडीचा वेग जुळतो आणि चोरटी तबकडी थोडी जलद धावते. उरला तो ड्रमच्या जडपणाचा प्रश्न, त्यावर कोणी काही सांगू शकेल काय?

एरंडवणे, गल्ली क्रमांक नाही

सांगतो, आणि थोडा विरोधी सूर लावतो.

पहिली गोष्ट, दोन प्रती समान आवाजात लावून ऐकल्या होत्या का? एका डेसिबलच्या फरकानेही मोठा वाजणारा आवाज कानाला ‘भरदार’ भासतो आणि बहुतेक वाद तेथेच संपतात. कॅसेटचे वरचे सूर गेले की आपण नकळत आवाजाची चावी वाढवतो आणि त्याबरोबर खालचा बास वाढतो. तुमचा जडपणा काही अंशी त्यातून आलेला असणार. काही अंशी, असे मुद्दाम म्हणतो, कारण फीत भरून मुद्रित केली की ती ड्रमचे टोक दाबते आणि हे दाबणे कानाला गोड लागते. चोरट्या प्रती काढणाऱ्याने कॅसेट भरताना सुई लाल खुणेपलीकडे नेली असेल, तर तो जडपणा खराच आहे, पण तो पीट रॉकचा नसून त्या अनाम नकलकाराचा आहे.

आता विरोध. ‘मूळ तेवढे खरे’ हा आग्रह मला या विशिष्ट प्रकारच्या अल्बमांबाबत पूर्णपणे पटत नाही. रॅपर-निर्माता लार्ज प्रोफेसर याचा ‘द एलपी’ गेफेन कंपनीने १९९६ साली अडवला आणि तो अधिकृतपणे २००९ साली आला. केएमडी या रॅप गटाचा दुसरा अल्बम मुखपृष्ठाच्या वादातून इलेक्ट्राने १९९४ साली थांबवला आणि तो २००० सालापर्यंत लोकांपर्यंत पूर्ण स्वरूपात पोहोचला नाही. या मधल्या वर्षांत ज्यांनी हे अल्बम ऐकले, त्यांची मते बनवली आणि पुढे स्वतः रॅप लिहिले, त्यांच्या कानात ही बोथट, जलद, सरसरणारी रूपेच होती. आयएनआयची कीर्ती आठ वर्षे त्याच रूपावर पोसली गेली. ध्वनीचे मूल्यमापन करताना सीडी पुढे ठेवा, मला मान्य आहे. पण त्या कीर्तीचे कारण समजून घ्यायचे तर तबकडी फेकून चालणार नाही.

फीतबहाद्दर

एरंडवणेकरांचे म्हणणे इतिहास म्हणून मान्य, पण श्रोत्यांनी विचारले होते ते अल्बमविषयी मत कशावरून बनवावे हे, आणि ते सीडीवरूनच बनवावे. सकार, वेग आणि फिरती टिक या तिन्ही कसोट्यांवर ती मूळ फितीच्या अधिक जवळ आहे. गटातले ग्रॅप लुवा आणि रॉब-ओ एकामागोमाग येतात तेथे दोघांच्या आवाजांतला पोताचा फरक तबकडीवर पुसला जातो, आणि एकमेकांना झेलत जाणाऱ्या गटाच्या बाबतीत ही नुकसानी ड्रमच्या जडपणापेक्षा मोठी आहे.

तबकडीसाठी एक उपाय मात्र करून पाहा. जिच्यावरून ती निघाली त्या कॅसेटचे हेड तिरके बसलेले असेल, तर डाव्या आणि उजव्या बाजूंत किंचित कालभेद पडतो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या आज्ञावलीत दोन्ही बाजू एकत्र करून मोनो ऐका. मोनो केल्यावर झांजा आणखी विझल्या तर दोष तोच आहे. मग एक बाजू काही नमुन्यांनी पुढे-मागे सरकवत सकार सर्वांत टोकदार वाटेल तेथे थांबा. फितीवर मुळात न उतरलेले परत येणार नाही, पण रुमाल बराच सरकेल. अ‍ॅम्प्लिफायरवर ट्रेबल वाढवून हे साधू नका, त्याने सरसर तेवढी वाढते.

कर्वेनगरचा श्रोता

रविवारी कंपू घरी जमतो आहे. सीडी, इलेक्ट्राचे सिंगल आणि सरकवलेली तबकडी, तिन्ही समान आवाजात लावतो आणि कोणती कोणती हे कोणालाही आधी सांगत नाही. सदाशिवपेठींनी मुलासोबत यावे, चहाची सोय आहे. ७८ची एखादी तबकडी आणणार असतील तर माझ्या प्लेअरवर तो वेग आहे, सुई मात्र त्यांची त्यांनी आणावी.