अनुभव धागा : अर्ज दिला, पोच घेतली... पुढं काय झालं?

परवा सकाळी कट्ट्यावर विषय निघाला. कुणाच्या दारात रस्ता दीड फूट उंच झालाय, कुणाच्या शेजारी चार मजले उठलेत. तक्रार प्रत्येकाकडं होती. "मग कुणाला सांगितलं का?" म्हटल्यावर सगळे चहात बघायला लागले. १९३० साली इंग्रजांच्या नाकावर टिच्चून नगरपालिकेवर तिरंगा चढवणारं गाव हे आपलं सोलापूर, आणि आपण गटाराच्या झाकणासाठी तोंड उघडायला लाजतो.

म्हणून हा धागा. तुमच्या भागात काय बदललं, तुम्ही कुठं काय सांगितलं आणि पुढं काय झालं ते लिहा. शेवटचा भाग गाळू नका, फसलं असलं तरी. अधिकाऱ्यांची नावं नकोत, पक्षांची धुणी तर अजिबात नकोत.

सुरुवात माझ्यापासून. आम्ही जुळे सोलापूरकडचे, १९९२ च्या हद्दवाढीतले. मैदानासाठी राखलेल्या जागेचं आरक्षण बदलायची नोटीस निघाली. पेपरात आली होती, पण आम्हाला सापडली ती शेंगदाण्याची चटणी बांधून आलेल्या कागदावर! हरकतीला एक महिना असतो, त्यातले वीस दिवस गेलेले. मी तीन पानं लिहिली. त्यात माझं बालपण, मुलांचं मोबाइलवेड, सगळं. शेजारच्या वकीलसाहेबांनी लाल पेनानं अडीच पानं उडवली. गट नंबर, क्षेत्रफळ, आणि दुसरं मैदान किती लांब आहे, एवढंच ठेवलं.

सुनावणीला आम्ही पंचवीसेक जण गेलो. "मैदान पाहिजे म्हणजे पाहिजे" असं चौघं एकदम बोलले. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "गट नंबर?" तेव्हा माझ्या अर्ध्या पानाकडं बघितलं गेलं. चार मिनिटांत संपलं. पुढं फाइल वर गेली ती अजून वरच आहे. तिथं पोरं आजही क्रिकेट खेळतात. याला जिंकलो म्हणायचं की नुसतं लांबलं म्हणायचं, मला ठरवता येत नाही.

पूर्व भागातली सून

आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, हे सोलापूरकरांना सांगायला नको. आमची अडचण वेगळी होती. शेजारी मोठी अपार्टमेंट झाली आणि आमच्या नळाची वेळ रात्री दोनवर गेली. दिवसभर मागाचा खडखडाट, रात्री नळाची राखण. सासूबाई खुर्ची टाकून नळाजवळच बसायच्या, डुलकी लागू नये म्हणून वाती वळत.

तोंडी सांगायला तीनदा गेले. "बघू", "वरूनच कमी आलंय", "उजनीची लाइन फुटलीय". मग सासूबाईंनीच डोकं चालवलं. दूधवाल्याचा हिशेब लिहितो त्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या पाणी आल्याची तारीख, सुरू कधी, बंद कधी ते लिहायला लागल्या. अक्षर तेलुगू, आकडे मराठी. तीन महिने झाल्यावर कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, गुंडाळलं आणि आम्ही दोघी थेट इंजिनिअरसाहेबांकडं. त्यांनी टेबलावर पसरून बघितलं. एका चौकोनात "२.१० ते २.३५" होतं. "पंचवीसच मिनिटं?" म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "त्यातली पहिली दहा नुसती हवा येतीय की ओ." साहेब हसले आणि मोबाइलवर फोटो काढून घेतले.

पंधरा दिवसांत वेळ पहाटे पाचची झाली. दिवस तेवढेच राहिले, तो गावाचाच प्रश्न आहे. कॅलेंडर अजून लिहितो.

नव्या पेठेतला दुकानदार

मी उलट बाजूनं लिहितो, चालेल ना? रुंदीकरणात माझ्या दुकानाची पायरी गेली. मी पण हरकत घेतली, जोरात. जुने कागद काढले तर पायरी माझ्या मिळकतीत नव्हतीच! वडिलांनी कधीतरी बांधलेली. हरकत मागं घ्यायची लाज वाटली म्हणून सुनावणीलाच गेलो नाही. आता गिऱ्हाईक सरळ आत येतं. बास.

निवृत्त कारकून

मी दुसऱ्या एका गावच्या नगरपालिकेत आवक-जावक सांभाळली, आता मुलाकडं विजापूर रोडला असतो. टेबलाच्या पलीकडून सांगतो. दोनशे सह्यांचं निवेदन फोटो काढायला छान असतं, पण त्यात बहुतेक वेळा मागण्या अकरा असतात. रस्ता एका खात्याचा, दिवे दुसऱ्याचे, कुत्री तिसऱ्याची. असा कागद कुणाच्याच टेबलावर टिकत नाही, फिरत राहतो. एका कागदावर एकच विषय घ्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला की १९६६ च्या नगररचना कायद्यानं सूचना-हरकतींना मुदत मिळते. ती चुकली की नंतर कितीही ओरडा. रोजच्या कामांच्या तक्रारींसाठी महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, पण अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, हे न कळल्यानं निम्मे लोक परत जातात. माहिती अधिकारात नुसतं उत्तर मागू नका, फाइल बघायला मागा. दहा रुपयांत आख्खी फाइल हातात येते, आणि खरी गंमत टिपणीच्या पानावर असते.

मार्च २०२२ नंतर कितीतरी दिवस इथं नगरसेवक नव्हते, प्रशासक होते. त्या काळात लोकांना कागद लिहायची सवय लागली, असं मला वाटतं. आधी सगळं नगरसेवकाच्या खांद्यावर टाकून मोकळे व्हायचे.

होटगी रोड

आमच्या घरात तेव्हा दोन पक्ष. थोरला भाऊ साखर कारखान्याचा सभासद, मी विमानाची वाट बघणारा. विमानांना अडथळा म्हणून १५ जून २०२३ ला कारखान्याची चिमणी पाडली त्या दिवशी मी गच्चीत, भाऊ खाली खोलीत दार लावून. धूळ आमच्या वाळवणावर सुद्धा बसली असं आई म्हणते, मला ते पटत नाही, पण तिच्यापुढं कोण बोलणार. कोण बरोबर ते सांगत नाही. एवढंच म्हणतो, गल्लीतल्या पाचशे फुटांसाठी अर्ज करता येतो. गावाचं मोठं काही ठरतं तेव्हा सामान्य माणसाचा कागद कुठल्या खिडकीत द्यायचा, हे आम्हा दोघांनाही सापडलं नाही.

कडुनिंबवाले

झाड तोडायच्या आधी झाडावर नोटीस लावावी लागते, हरकतीला सात दिवस. आमच्या तीन कडुनिंबांवर लावली होती, पण भिंतीकडच्या बाजूला. पाचव्या दिवशी पतंग काढायला गेलेल्या पोरानं वाचली. दोन झाडं टिकली, एक गेलं. गेलं तेच रिक्षावाल्यांच्या सावलीचं.

नवीन सभासद, शेळगीकडून

धागा वाचून विचारते. आमच्या लेआउटमधल्या मोकळ्या जागेवर काल रात्री दोन ट्रॅक्टर मुरूम पडलाय. कुणाचा, कुणी बोलंना. वॉचमन म्हणतो, "मला काय माहीत ओ मॅडम, मी झोपलतो." काय करू?

धागाकर्ता

ताई, आत्ताच फोटो काढा, मागं एखाद्या घराचा नंबर दिसेल असा. मंजूर लेआउटची प्रत सोसायटीच्या चेअरमनकडं असते, नसली तर बिल्डरकडून आणायला लावा. मोकळी जागा कुठली ते नकाशात दाखवलेलं असतं. अर्जात "कुणीतरी" लिहू नका, तारीख, वेळ, किती ट्रॅक्टर ते लिहा. आणि उद्या जाल तेव्हा दोन प्रती न्या. उद्याच जा, मुरमावर रोलर फिरायच्या आत.