माजी विद्यार्थी संघ : हात सगळे वर करतात, कामाला चारच जण येतात. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एरवी मी वाचनमात्र असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाच्या वार्षिक सभेला मी केवळ जुन्या मैत्रिणी भेटतील म्हणून गेले आणि 'स्वयंसेवक समन्वयक' होऊन बाहेर पडले. (मागच्या रांगेत बसून अध्यक्षांकडे बघून हसू नये, हा धडा मिळाला.) सोबत एक एक्सेल फाइल मिळाली. 214 नावं, आणि शेवटच्या रकान्यात प्रश्न : 'संघाच्या कामात मदत करायला आवडेल का?' त्यातल्या 203 जणांनी 'हो' लिहिलेलं. मला वाटलं, लॉटरीच लागली.

आता आठ महिने झालेत. संघाचे उपक्रम तीन : शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी मेन्टॉरशिप, मुलाखतींच्या हंगामाआधी मॉक इंटरव्ह्यू, आणि एक छोटी शिष्यवृत्ती. शिष्यवृत्ती ठरावीक तिघं जण वर्षानुवर्षं सांभाळतात, तिथे मी लुडबुड करत नाही. मॉक इंटरव्ह्यूला पंधरा जण 'नक्की' म्हणाले, आले चार. दुपारपर्यंत त्यातल्या एकाचा घसा बसला, तेव्हा तो प्रश्न कागदावर लिहून मुलांसमोर धरायला लागला.

खरं दुखणं मेन्टॉरशिपचं आहे. चाळीस जोड्या लावल्या, दोघांना एकमेकांचे ईमेल दिले. दोन महिन्यांनी फोन करून विचारलं तर बोलणं चालू होतं सात जोड्यांचं. मेन्टॉर म्हणतात, मुलांनी संपर्कच केला नाही. एका मुलीने मला तिच्या फोनमधला मसुदा दाखवला. 'आदरणीय सर', त्याखाली 'प्रिय सर', त्याखाली नुसतंच 'नमस्कार'. मग चार ओळी. पाठवलेला नाही, तारीख पाच आठवड्यांपूर्वीची. "एवढ्या मोठ्या माणसाला काय विचारायचं तेच कळेना," म्हणाली. त्या 'एवढ्या मोठ्या माणसा'ला मी फोन केला तर तो म्हणतो, "मी पहिले काही दिवस रोज मेल उघडून बघत होतो. मग वाटलं, तिला मी नको असेन."

तर जाणकारांनो, 'हो' म्हणणाऱ्यांना कामाला कसं लावायचं? जोड्यांचं बोलणं सुरू कसं करून द्यायचं? एक ज्येष्ठ सदस्य मेन्टॉर म्हणून येतात आणि मुलांना विम्याच्या पॉलिसी समजावतात, त्यांचं काय करू? शिवाय कार्यकारिणीला दर तीन महिन्यांनी 'सहभागाचे आकडे' हवे असतात. ते कसे मोजतात?

जुना_खजिनदार
समन्वयक झाल्याबद्दल अभिनंदन आणि सांत्वन. अकरा वर्षं आमच्या संघाचे हिशेब बघितलेत, म्हणून थोडं बोलतो.

तुमच्या फाइलमधला प्रश्नच फसवा आहे. 'मदत करायला आवडेल का?' याला कोण नाही म्हणेल? तो कामाला होकार नव्हे, कॉलेजवरच्या मायेला होकार आहे. 203 हा आकडा विसरा. त्यातली दहा-बारा नावं निवडा आणि प्रत्येकाला एक काम, एक तारीख आणि किती वेळ जाईल हे सांगून विचारा. 'या शनिवारी 11 ते 12 या वेळात दोन मुलांचे रेझ्युमे वाचून देशील का?' असं. माणूस 'नाही, पण पुढच्या शनिवारी जमेल' म्हणाला तरी तुमचं काम झालं. सगळ्या ग्रुपवर टाकलेली विनंती कुणालाच केलेली नसते, प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणीतरी करेल.

शेवटचा_बाक
+१. आमच्या ग्रुपवर 'स्वयंसेवक हवेत' या मेसेजला 41 अंगठे आले होते. एकाही अंगठ्याला हात-पाय नव्हते.

उंबरठा
मेन्टॉरशिपबद्दल लिहिते, मी दोन्ही बाजूंनी त्यातून गेलेय.

पहिलं पाऊल मुलांवर सोडलंत, तिथेच गाडी अडली. ज्याच्याकडे अनुभव कमी, भीड जास्त, त्यालाच तुम्ही दार वाजवायला सांगितलंत. आम्ही आता पहिला कॉल तिघांचा करतो. समन्वयक दोघांची ओळख करून देतो, दहा मिनिटं थांबतो आणि बाहेर पडतो. त्याच्या दोन दिवस आधी विद्यार्थ्याकडून तीन प्रश्न लिहून घेतो. 'करिअरबद्दल मार्गदर्शन करा' हा प्रश्न चालत नाही, परत पाठवतो. 'मला टेस्टिंगमधली नोकरी मिळतेय, पण डेव्हलपमेंटला जायचंय, ही घेतली तर अडकेन का?' असा चालतो. मेन्टॉरलाही तेच बरं पडतं, नाहीतर तो स्वतःच्या पहिल्या नोकरीपासून सुरुवात करतो आणि वेळ संपते तेव्हा तिसऱ्या नोकरीत असतो.

दुसरं म्हणजे मुदत घाला. चार महिने, महिन्यातून एक कॉल, मग अधिकृतपणे संपलं. 'कायमचं नातं' वगैरे ऐकलं की भली माणसं दचकतात. पुढे चालू ठेवायचं तर दोघं ठेवतातच. आणि जोडी जमली नाही तर कारण न विचारता बदलून देतो, हे दोघांना सुरुवातीलाच सांगा.

चाळीस जोड्या एकदम लावू नका हो. दहा लावा.

कोरा_कागद
आकड्यांबद्दल. शिक्षणसंस्थांच्या माजी विद्यार्थी आणि निधीविषयक कामात असणाऱ्यांची 'केस' नावाची आंतरराष्ट्रीय संघटना आहे, 1974 पासूनची. त्यांच्या मोजणीत सहभागाचे चार प्रकार धरतात : स्वयंसेवा, कार्यक्रमांना हजेरी, देणगी आणि संवाद. तुमच्या कार्यकारिणीला बहुधा या चारांची खिचडी करून एक मोठा आकडा हवा असणार. देऊ नका. मेळाव्याला आलेला माणूस आणि महिनाभर रेझ्युमे तपासणारा माणूस एका रकान्यात घातले की आकडा फुगतो आणि कळत काहीच नाही. चार रकाने वेगळे ठेवा. एकूण काढताना माणसं मोजा, नोंदी नव्हे, नाहीतर तो घसा बसलेला बिचारा चार ठिकाणी दिसेल.

शिवाय 'किती जोड्या लावल्या' ऐवजी 'दुसरा कॉल किती जोड्यांचा झाला' हे लिहा. पहिला कॉल भिडेखातरही होतो.

रविवारची_सुट्टी
थोडा विरोधी सूर लावतो. माजी विद्यार्थी संघ म्हणजे स्नेहमेळावा, जुने फोटो, थोड्या गप्पा. लोक त्यासाठी येतात. त्यांना कामाला का जुंपायचं? वर्षातून एकदा भेटलो, मजा आली, संपलं.

जुना_खजिनदार
@रविवारची_सुट्टी, मेळाव्याला माझा विरोध नाही, पहिल्या रांगेत मीच असतो. पण इतिहास थोडा वेगळा आहे. अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजचा माजी विद्यार्थी संघ 1821 सालचा, आज चालू असलेल्यांत तिथला सर्वात जुना मानतात. त्या वर्षी कॉलेजचे अध्यक्ष झेफानाया स्विफ्ट मूर काही विद्यार्थ्यांना घेऊन नव्या ॲमहर्स्ट कॉलेजात निघून गेले. उरलेलं कॉलेज बंद पडतंय की काय अशी वेळ आली, तेव्हा माजी विद्यार्थी ते वाचवायला एकत्र आले. म्हणजे आधी काम निघालं, मग संघ झाला. आपण उलट करतो : संघ काढतो आणि मग काम शोधत बसतो.

रविवारची_सुट्टी
हे माहीत नव्हतं. तरी फोटोंवर मी ठाम आहे.

उंबरठा
विमावाल्या काकांचं राहिलंच. ते हसण्यावारी नेऊ नका. मुलं त्यांना नाही म्हणू शकत नाहीत, कारण त्यांना वाटतं हे कॉलेजचेच कुणी आहेत. मेन्टॉर होण्याआधी सगळ्यांकडूनच एक पानी नियम मान्य करून घ्या : विद्यार्थ्याला काही विकायचं नाही, पैशांची देवघेव नाही, मुलांचे नंबर उपक्रमाबाहेर वापरायचे नाहीत. सगळ्यांना लागू केलंत की त्यांना एकट्याला बोट दाखवल्यासारखं होत नाही. पण आधी झालंय त्याबद्दल फोन मात्र तुम्हालाच करावा लागेल, आणि सध्या लावलेली जोडी आजच सोडवा.

कोरा_कागद
अवांतर : कॉलेजच्या डोमेनवरचे ईमेल शिक्षण संपल्यावर बऱ्याच ठिकाणी बंद करतात. शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून निकालाआधीच वैयक्तिक ईमेल घ्या, तो कशासाठी वापरणार हे सांगून. नाहीतर तीन वर्षांनी हीच मुलं तुम्हाला मेन्टॉर म्हणून हवी असतील आणि सापडणार नाहीत.

धागाकर्ती
सगळ्यांचे खूप आभार. तीन आठवड्यांनी परत आलेय, आधीच लिहायला हवं होतं.

खजिनदारांचं ऐकून बारा जणांना वेगवेगळे मेसेज केले. आठ जणांनी तारीख दिली, दोघांनी स्वच्छ 'नाही' कळवलं (इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!), दोघे गप्प आहेत. त्या आठांपैकी सात जण खरंच आले. आठव्याने आदल्या रात्री कळवलं आणि स्वतःच्या जागी त्याच्या बॅचची एक मैत्रीण दिली. तिचं नाव माझ्या 214 च्या फाइलमध्ये नव्हतंच.

चार रकान्यांचा तक्ता सभेत ठेवला. सचिव बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "हे फारच कमी दिसतंय." मी म्हटलं, "पूर्वीही एवढंच होतं." पुढचा विषय घेतला.

आणि मसुदावाली मुलगी. तिच्याकडून प्रश्न लिहून घेतले. पहिल्या वेळी एकच आला, दुसऱ्या वेळी पाच. गुरुवारी तिघांचा कॉल झाला. पहिली पाच मिनिटं दोघंही माझ्याशीच बोलत होते. मग तिने कॉलेजच्या लायब्ररीतल्या त्या कायम अडकणाऱ्या खिडकीचा विषय काढला, तो म्हणाला, "अजून अडकते?" आणि मी हळूच बाहेर पडले. नंतर कळलं, दोघं पन्नास मिनिटं बोलले.

विमावाल्या काकांची जोडी त्याच दिवशी सोडवली, नियमांचं पानही सगळ्यांना गेलंय. सगळ्यांचं 'मान्य' आलं, त्यांचं सोडून. फोन अजून केलेला नाही. नंबर दोनदा लावला आणि रिंग जायच्या आत बंद केला. उद्या करते.

शेवटचा_बाक
आधी तीन प्रश्न लिहून काढा.