मदत हवी आहे: जेवणाआधीच्या इन्सुलिननंतर आईची शुगर ४६, नैवेद्याला उशीर झाला म्हणून?

चाफेकळी

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृती वाचून गुपचूप निघून जाते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आई ६८ वर्षांची, बाबा ७३. दोघंच चिपळूणजवळच्या गावी असतात, मी ठाण्यात. आईला डायबेटीस वीस वर्षं, पण सगळं गोळ्यांवर भागत होतं. जूनमध्ये पायाची जखम चिघळली, आठ दिवस ॲडमिट होती, तेव्हापासून इन्सुलिन सुरू झालं. रात्री झोपताना ग्लार्जिन (दिवसभर हळूहळू काम करणारं इन्सुलिन) १४ युनिट. शिवाय नाश्ता, दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण यांच्या आधी लिस्प्रोचं (जेवणापुरत्या इन्सुलिनचं) पेन, ८-१०-८ असं. इंजेक्शन बाबा देतात. पूर्वी आजीला तेच द्यायचे, त्यामुळे त्यांचा हात बसलेला आहे.

चतुर्थीला आम्ही सगळे घरी होतो. आमच्याकडे गुरुजी दहा घरं करून येतात, त्यांच्या वेळेचा भरवसा नाही. साडेबाराला आले, म्हणाले, "अर्ध्या तासात पानं घ्या." आईची शुगर बघितली, ११८. बाबांनी पावणेएकच्या आतच इंजेक्शन देऊन टाकलं. मग पूजा लांबली, आरत्या लांबल्या, आणि नैवेद्य दाखवल्याशिवाय आई तोंडात काही घालणार नाही हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. दीडच्या सुमारास टाळ वाजवता वाजवता तिचा हात थांबला. घामाने पोलकं भिजलेलं, मला बघून म्हणाली, "तू कधी आलीस?" मी चार दिवस तिथेच होते.

मोजली तर ४६. तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली. पंधरा मिनिटांनी ४९. परत साखर, मग ५८. तशातच तिला पानावर बसवलं. दोन मोदक आणि वरणभात खाल्ला तेव्हा कुठे माणसात आली. आणि पावणेचारला परत ६१! रात्री आम्ही कोणी झोपलो नाही.

आता प्रश्न:

इंजेक्शन आणि जेवण यांत नेमकं किती अंतर ठेवायचं? आई एकादशी करते, त्या दिवशी काय करायचं? आणि बाबा इतके घाबरलेत की परवापासून स्वतःच्या मनाने ६-६-६ देतायत, सकाळची शुगर आता २४० च्या वर आहे. शेजारचे काका त्यांना रोज सांगतात की इन्सुलिनची सवय लागते, सोडा ते.

डोसची चूक नव्हती, ते मी तपासलंय. त्या दिवशी पेनचं बटण दाबलं जात नव्हतं म्हणून बाबांनी पेनमधल्या औषधातून सिरिंजने घेतलं, पण मोजून १० युनिटच घेतलं, मी समोर होते.

गावठी_कोंबडा

माझ्या सासऱ्यांना रोज सकाळी कारल्याचा रस चालू केला, इन्सुलिन सुटलं. बघा करून.

तीन_टोचे

कोंबडेराव, ज्या बाईची शुगर ४६ ला गेली तिला अजून शुगर उतरवणारं काही सुचवताय? राहू दे.

चाफेकळी, मला टाइप १ डायबेटीस आहे, १९९८ पासून टोचून घेतोय, तेव्हा अनुभवाचं बोलतो. डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

लिस्प्रो, ॲस्पार्ट, ग्लुलिसिन ही सगळी घाईची इन्सुलिनं. टोचल्यावर दहा-पंधरा मिनिटांत काम सुरू, एक-दोन तासांत जोर सगळ्यात जास्त, चार-पाच तासांत खेळ संपतो. तुमच्या आजीच्या वेळचं साधं रेग्युलर इन्सुलिन अर्ध्या तासाने जागं व्हायचं, म्हणून तेव्हा "टोचा आणि अर्ध्या तासाने जेवा" असं सांगायचे. बाबांच्या डोक्यात तोच हिशेब असणार. लिस्प्रोला तो चालत नाही.

माझा घरचा नियम एकच: ताट समोर आलं की पेन हातात. आमटी गॅसवर आहे, पोळ्या व्हायच्यात, पाहुणे पोचतायत, गुरुजी निघालेत, यातल्या कशावरही टोचायचं नाही. लग्नाच्या पंगतीत तर मी भात वाढल्यावरच टोचतो. हे इन्सुलिन जेवण झाल्या झाल्या घेतलं तरी चालतं. खाणं बेभरवशाचं असेल तर डॉक्टर तसंच सांगतात. तुमच्या डॉक्टरांना हे मुद्दाम विचारा.

अजून एक. नंतरच्या दोन तासांत शुगर जास्त दिसली म्हणून वरून आणखी टोचू नका. आधीचं अजून अंगात काम करत असतं, त्यावर दुसरं चढलं की दोन्ही मिळून पाडतात. मी कॉलेजात असताना हे करून वसतिगृहाच्या जिन्यात पडलेलो आहे.

"सवय" म्हणाल तर शरीर स्वतःच ते बनवतं. कमी पडतं म्हणून बाहेरून द्यायचं. काकांना चष्म्याची सवय लागली असेल तर तोही सोडा म्हणावं.

रातराणी

मी वॉर्डात बावीस वर्षं काढली आहेत, नर्स आहे. चाफेकळी, तुमची पोस्ट दोनदा वाचली. नैवेद्याचा उशीर हे अर्धंच कारण आहे असं मला वाटतंय.

दोन मोदक आणि वरणभात जेवूनही पावणेचारला ६१? दहा युनिटला हे जमायचं नाही. तुमचं शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. बाबांनी पेनमधलं औषध कोणत्या सिरिंजने घेतलं? तिची टोपी कोणत्या रंगाची? नळीवर बारीक अक्षरात ४० लिहिलंय की १००?

आणि आई अजून कोणत्या गोळ्या घेते, पेनची सुई किती दिवसांनी बदलतात, हेही सांगा.

चाफेकळी

रातराणी ताई, तुमचं वाचून पोटात गोळा आला. आत्ता व्हिडिओ कॉल करून बाबांना डबा उघडायला लावला. आजीच्या वेळच्या सिरिंजा आहेत, लाल टोपीच्या. नळीवर ४० लिहिलंय.

गोळ्या: मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज. व्होग्लिबोज पहिल्या घासाबरोबर घ्यायला सांगितलीय, पण विसरू नये म्हणून आई इंजेक्शनबरोबरच घेते. सुई "बोथट झाली की" बदलतात म्हणे. आत्ताची पंधरा दिवसांची.

रातराणी

सापडलं. बाबांना मुळीच रागावू नका, ही चूक शिकलेल्या, सवयीच्या हातांकडूनच होते.

आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं. स्वस्त बाटली असते ती बहुतेक ४० ची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. पेनमधली काचेची नळी, कार्ट्रिज, १०० ची, म्हणजे एका मिलीत १०० युनिट. लाल टोपीची सिरिंज ४० च्या बाटलीसाठी, नारिंगी टोपीची १०० साठी. लाल सिरिंजवर ४० ची खूण म्हणजे पूर्ण एक मिली. तर १० ची खूण म्हणजे पाव मिली. बाबांनी पाव मिली औषध घेतलं, पण ते १०० च्या नळीतून. पाव मिलीत किती युनिट झाली?

पंचवीस.

दहाच्या खुणेपर्यंत घेतलं हे तुम्ही समोर उभं राहून पाहिलंत, आणि खरंच दहाच्याच खुणेपर्यंत होतं. फक्त ती खूण दुसऱ्या औषधाची होती.

दुसरं म्हणजे व्होग्लिबोज. ही गोळी आतड्यात साखर पटकन फुटू देत नाही. म्हणून घरची साखर, गूळ, सरबत, मोदक या सगळ्यांचा परिणाम उशिरा आणि रेंगाळत होतो. म्हणून तर ४६ वरून ४९. या गोळीवर असलेल्या माणसाला खाली गेल्यावर ग्लुकोज द्यायचं. मेडिकलमधून ग्लुकोजची साधी पावडर आणा, तीन चमचे पाण्यात, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. पंधरा मिनिटांनी मोजा. ७० च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा. सावरल्यावर काहीतरी पोटभरीचं, कारण लिस्प्रो अजून शिल्लक असतं. एक पुडी देवघरात, एक उशाशी, एक आईच्या पर्समध्ये.

आई बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन. हे बाबांना पाठ करवून घ्या.

आता पेन. सुई दर वेळी नवी असायला हवी. वापरलेल्या सुईत औषध वाळतं, भोक बुजतं, मग बटण दाबलं जात नाही. माझी पैज आहे की पेन बिघडलेलंच नव्हतं. नवी ४ मिलिमीटरची सुई लावा, दोन युनिट फिरवून सुई वर धरून हवेत सोडा. टोकावर थेंब आला तर पेन ठणठणीत. थेंब येईपर्यंत आईला टोचायचं नाही. पण ज्या कार्ट्रिजमधून सिरिंजने ओढलं ते फेकून द्या, त्यात हवा शिरलेली असते, पुढचे डोस चुकतील. नवं घाला.

आणि मनाने ६-६-६ देणं आजच थांबवायचं. जखम नुकती भरलीय, २४० वर ती परत उघडेल. डॉक्टरांना आजच फोन करा, सिरिंजचा किस्सा न लपवता सांगा. नाहीतर ते ४६ बघून डोस कमी करतील, चूक तशीच राहील.

बापटवाडी

बापरे. मी लॅब टेक्निशियन आहे, पण हे २५ चं गणित माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

माझ्या बाजूने थोडी भर. रीडिंग घेण्याआधी हात साबणाने धुवून कोरडे करायचे. आंबा, फणस सोललेल्या बोटातून रक्त काढलं तर शुगर भलतीच जास्त दिसते. कोकणात मे महिन्यात हे हमखास होतं. त्या आकड्यावर कोणी जास्त इन्सुलिन टोचलं तर परत तीच पडापडी.

तीन_टोचे

रातराणी ताई, दंडवत. सिरिंजचं वाक्य मी वाचूनही सोडून दिलं होतं.

चाफेकळी, आईच्या पोटावर हात फिरवून बघायला सांगा. बाबा रोज त्याच जागी टोचत असतील तर तिथे मऊ गाठ होते. तिथे टोचायला दुखत नाही म्हणून लोकांना तीच जागा आवडते, पण त्या गाठीतून औषध कधी शोषलं जातं, कधी नाही. गाठ सोडून, बेंबीपासून दोन बोटं लांब, दर वेळी बोटभर सरकत जायचं. टोचल्यावर दहापर्यंत मोजून मगच सुई काढायची, नाहीतर शेवटचा थेंब बाहेर येतो. गाठ सोडून चांगल्या जागी टोचायला लागल्यावर तोच डोस जास्त लागू पडू शकतो. पहिले काही दिवस जास्त वेळा मोजा.

चाफेकळी

अपडेट. डॉक्टरांशी बोलले. सगळं ऐकून क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "सिरिंजचं सांगितलंत ते बरं केलंत, मी आत्ता दुपारचे १० चे ६ करणार होतो." डोस पूर्वीचाच, ८-१०-८. व्होग्लिबोज आता इंजेक्शनबरोबर नाही, पहिल्या घासालाच. पुढच्या भेटीत ती लागतेय का तेही बघणार आहेत. सणावाराला जेवायची वेळ नक्की नसेल तर लिस्प्रो जेवण संपल्या संपल्या द्यायला परवानगी दिली.

एकादशीचं त्यांनी सरळ सांगितलं: खाणार नाही त्या वेळचं लिस्प्रो द्यायचं नाही. रात्रीचं ग्लार्जिन मात्र उपास आहे म्हणून बंद करायचं नाही, त्याचा डोस आधी फोन करून विचारायचा. आणि साबुदाण्याची खिचडी हे जेवणच आहे, उपास नव्हे. यावर आई थोडी रुसलीय. पण शुगर खाली गेली तर एकादशीलाही ग्लुकोज घ्यायचंच, हे तिने देवासमोर कबूल केलंय.

पेन खरंच ठीक होतं. नवी सुई लावली, दुसऱ्या खेपेला टोकावर थेंब आला. पोटावर डावीकडे लिंबाएवढी मऊ गाठ निघाली.

बाबांना २५ चं गणित सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलंय त्यांनी. अर्ध्या तासाने त्यांचाच फोन आला, "पाव मिली, बरोबर आहे. मी युनिट वाचलं, मिली वाचलंच नाही." आता त्यांनी लिस्प्रोच्या पेनला लाल दोरा बांधलाय आणि ग्लार्जिनच्या पेनला काळा, म्हणजे अदलाबदल नको.

एक राहिलं. वापरातलं पेन फ्रिजमध्येच ठेवायचं का? तिकडे लाइट सारखे जातात. आणि त्या लाल सिरिंजा वीसेक उरल्यात, त्यांचं काय करू?

रातराणी

वापरातलं पेन बाहेर ठेवलं तरी चालतं, २८ दिवस, पण ३० अंशांच्या वर तापू द्यायचं नाही. उन्हाळ्यात बाबांना कोरी मातीची मडकी ओल्या वाळूत ठेवायला सांगा, पेन डब्यात घालून आत. टीव्हीवर, खिडकीत, गाडीच्या डिकीत नको. न उघडलेली कार्ट्रिज फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्याला चिकटून नाही. एकदा गोठलं की ते औषध गेलं. लिस्प्रो पाण्यासारखं स्वच्छ दिसलं पाहिजे, गढूळ दिसलं तर वापरू नका.

सिरिंजा घरात ठेवूच नका. पेन पुन्हा कधी अडलं तर हात त्यांच्याकडेच जाईल. फिनेलची जाड बाटली घ्या, वापरलेल्या सुया आणि त्या सिरिंजा सगळ्या आत, झाकण घट्ट, वर चिकटपट्टी. पुढच्या तपासणीला जाताना दवाखान्यात द्या. आणि अडीअडचणीसाठी नारिंगी टोपीच्या चार सिरिंजा आणि पेनच्या सुयांचं एक जादा पाकीट आणून ठेवा.