आजेसासूबाईंचा जुना रेशमी पंखा फ्रेम करायला देऊ का?

सांजवात:
मंडळी, सल्ला हवाय. आजेसासूबाईंच्या ट्रंकेत तळाशी घडीचा पंखा सापडला. फिकं गुलाबी रेशीम, त्यावर हाताने रंगवलेली फुलं, बारीक धातूच्या टिकल्या, काड्या पिवळट पांढऱ्या, हाडाच्या की हस्तिदंताच्या ते कळत नाही. अर्धा उघडला तर घडीवर चर्र आवाज आला म्हणून तिथेच थांबले. दोन घड्या आधीच फाटल्यात, मागून कुणीतरी सेलोटेप लावलाय तो चिकट झालाय. फ्रेमवाला म्हणतो पूर्ण उघडून बोर्डवर चिकटवून देतो. देऊ का? आधी धुवावा का?

टेकडीवरचा:
अजिबात देऊ नका!! पावसाळ्यात काड्या आणि रेशीम फुगतात, हवा कोरडी झाली की आकसतात, आणि बोर्डला जखडलं की सगळा ताण रेशमावर येतो. धुणं तर विसराच, रंग पसरतील. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रेशीम भारदस्त वाटावं म्हणून त्यात कथलाचे क्षार भरायचे, ते रेशीम नुसतं ठेवून ठेवून ठिसूळ होतं आणि चिरत जातं, तुमचं त्यातलं असू शकेल. शिवाय भिंतीवरचा उजेड. म्युझियममध्ये अशा रेशमावर साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) ठेवतात, दिवसा हॉलमध्ये त्याच्या कितीतरी पट असतो आणि उडालेला रंग परत येत नाही.

रुईफूल:
ताई, तो सेलोटेप ओढू नका, हात जोडून सांगते. आईच्या पंख्याचा मी ओढला होता, टेपसोबत रेशमाचा पापुद्रा आला आणि गुलाबाची अर्धी पाकळी गेली, आजही तो पंखा बघितला की पोटात कालवतं. आता तो जेवढा सहज मिटतो तेवढाच मिटून, अ‍ॅसिड-फ्री टिश्यूच्या (आम्ल नसलेल्या पातळ कागदाच्या) मऊ वळकटीवर टेकवून डब्यात आडवा ठेवलाय, वर काही ठेवत नाही. डांबराच्या गोळ्या नाहीत, प्लास्टिकची पिशवी नाही, आत दमटपणा कोंडून बुरशी येते. कपाटही बाहेरच्या भिंतीला लागून नको, पावसात ओल येते. उचलताना खालच्या खिळ्याजवळ आणि बाहेरच्या जाड काड्यांना धरायचं, रेशमाला नाही.

टेकडीवरचा:
+१. आणि काड्या भिंगातून बघा. हाडात बारीक काळपट ठिपके नाहीतर रेघोट्या दिसतात, हस्तिदंतात एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी. हस्तिदंत निघाला तर विकायचा विचारसुद्धा नको, १९७२च्या वन्यजीव कायद्यात येतो. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला जतन केंद्र आहे, टेपसाठी त्यांना विचारा. तिथे जाईपर्यंत चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा, उघडायला जोर न लावता.

सांजवात:
बघितलं! नवऱ्याच्या भिंगाखाली बारीक काळे ठिपके स्पष्ट दिसले, म्हणजे हाडच. एका काडीवर सुईने कोरल्यासारखं एक अक्षर पण आहे, आजेसासूबाईंच्या माहेरच्या नावाचं पहिलं. फ्रेमवाल्याला 'नको' म्हणून सांगितलं. टिश्यू कुठे मिळेल पुण्यात, कुणी आणलाय का?