मदत हवी आहे: मेटफॉर्मिन चालू असताना शतावरी आणि त्रिफळा घेतलं तर चालतं का?

नमस्कार ताईंनो, बहिणीसाठी विचारतेय. तिला पीसीओएस (हार्मोन बिघडल्याने पाळी अनियमित होते तो त्रास) आहे, पाळी दोन दोन महिने येत नाही, लग्नाला तीन वर्षं झालीत आणि आता बाळासाठी प्रयत्न चालू आहेत. गायनॅकनी मेटफॉर्मिन (मधुमेहातही देतात ती गोळी) दिलंय, त्याने पोट फुगतं आणि जुलाब होतात. त्यात आता वैद्यांनी शतावरी कल्प, रात्री त्रिफळा आणि कुमारी आसव सांगितलंय. त्रिफळ्याने पोट साफच होतं ना, मग आधीच जुलाब होतायत त्यात हे कशाला, असं मला वाटतं, आणि कुमारी आसवात कोरफड असते, ती गरोदरपणात नको म्हणतात, मग चुकून दिवस राहिले आणि आपल्याला कळलंच नाही तर?

दुसरं म्हणजे, लिव्हर जे इस्ट्रोजेन हार्मोन पित्तातून आतड्यात बाहेर टाकतं त्यातलं काही तिथले बॅक्टेरिया परत मोकळं करतात आणि ते पुन्हा रक्तात जातं, असं वाचलंय. शतावरीतले सॅपोनिन नावाचे घटकसुद्धा आतड्यातल्या बॅक्टेरियांमुळेच फुटतात म्हणे. मेटफॉर्मिनने पण हे बॅक्टेरिया बदलतात. मग एकाच औषधाचा प्रत्येकीला वेगळा गुण येतो तो यामुळेच का?

गायनॅक म्हणतात आयुर्वेदिक बंद करा, वैद्य म्हणतात चालू ठेवा, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत आणि ती बिचारी मधल्या मधे रडकुंडीला आलीये. कुणी दोन्ही एकत्र घेतलंय का, किती अंतर ठेवून? इथे कुणी बीएएमएस किंवा गायनॅक असेल तर प्लीज सांगा, आणि पुण्यात दोन्हीकडचं समजून घेणारं कुणी माहीत असेल तर तेही कळवा.